खेळ, प्रार्थना आणि पोरकीं मुलें

सन १९०१ च्या खानेसुमारींत बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली. मागील दहा वर्षांच्या मानानें ती शेंकडा बारांनीं घटलेली होती. या घटीचें कारण एका शब्दांत सांगतां येतें, आणि तो शब्द म्हणजे दुष्काळ. १८९६-९७ च्या दुष्काळांतून लोक सांवरतात न सांवरतात तोंच १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडावर कोसळला. आगगाडी होती, तिच्यांतून धान्य येत होतें; परंतु शेतांत काम नाहीं म्हणजे मजुराच्या हातीं पैसा नाहीं, आणि पैसा नाहीं म्हणजे स्टेशनांत येऊन पडलेलें धान्यहि घरांत येत नाहीं, असा तो प्रकार होता. पुढें १९०५ सालीं खामगांव व जळगांव हे तालुके अकोला जिल्ह्यांतून काढून बुलढाण्यास जोडण्यांत आले आणि जिल्ह्याचें क्षेत्रफळ २,८०९ चौरस मैलांवरून ३,६६२ चौरस मैलांवर गेलें. नकाशा वाढला. मेलेलीं माणसें मात्र परत आलीं नाहींत, आणि त्यांच्या मागें उरलेलीं मुलें कोणाच्या तरी दारांत उभीं राहिलीं.

त्या दारांपैकीं एक ख्रिस्ती मिशनचें होतें. क्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेचीं ठाणीं त्या काळांत अकोला, खामगांव, मलकापूर, बुलढाणा अशीं वऱ्हाडांत पसरलेलीं होतीं, आणि खामगांवांत मुलींच्या अनाथालयाचें व शाळेचें काम चालू झालें होतें. उपाशी मुलाला प्रथम काय द्यावें याविषयीं वाद नाहीं. परंतु त्याचें पोट भरल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याला काय द्यावें? पाटी द्यावी, प्रार्थना शिकवावी, कीं चेंडू द्यावा? हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. महाराष्ट्रांत त्याचें उत्तर शोधण्याचा जो पहिला मोठा प्रयत्न झाला तो एका मराठी ख्रिस्ती स्त्रीनें केला.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ख्रिस्ती धर्म आणि खेळांतून शिक्षण यांचें नातें जन्मजात आहे असें नव्हे. आपल्याकडील पंतोजीच्या शाळेंत मूल धूळपाटीवर अक्षरें गिरवी, पावकी-निमकी घोकी आणि चुकल्यास छडी खाई, हें खरें. पण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील मिशनशाळेंतहि घोकंपट्टी सुटलेली नव्हती. पाढ्यांच्या जोडीला धर्माची प्रश्नोत्तरावली आली, इतकाच काय तो फरक. मुलानें बिनचूक उत्तर पाठ म्हटलें कीं शिक्षकास समाधान वाटे. खेळ हा मनाचा चळ आहे, तो शिस्तीनें मोडावयाचा असतो, हें मत युरोपांतल्या पुष्कळ धर्मशील लोकांचेंहि होतें. त्याच्या उलट, मूल खेळतें तेंच ईश्वरी नियमाला धरून होय, असें सांगणारा मनुष्य जर्मनींत निघाला.

फ्रीड्रिख फ्रोबेल याचा जन्म १७८२ सालीं थुरिंगिया प्रांतांत एका ल्यूथरपंथी धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. तो नऊ महिन्यांचा असतांना त्याची आई वारली. आईवांचून गेलेलें हें बालपण त्याच्या पुढील सर्व विचारांच्या मुळाशीं आहे, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं. त्यानें स्वित्झर्लंडांत पेस्टालोझीपाशीं राहून अनुभव घेतला, १८२६ सालीं मनुष्याच्या शिक्षणावर आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं एक संस्था काढली. तिला १८४० सालीं त्यानें 'किंडरगार्टन' हें नांव दिलें. त्याचा अर्थ मुलांची बाग. शिक्षक हा माळी; रोपाला ओढून उंच करणें हें त्याचें काम नव्हे.

फ्रोबेलनें मुलांच्या हातीं जीं साधनें दिलीं त्यांना त्यानें 'देणग्या' म्हटलें. पहिली देणगी म्हणजे सहा रंगांचे लोंकरीचे मऊ चेंडू. दुसरींत लांकडाचा गोल, घन आणि वृत्तचिती. तिसरींत एकच घन, परंतु आठ सारख्या तुकड्यांत विभागलेला, म्हणजे मुलाला तो मोडतां यावा आणि पुन्हां जुळवितां यावा. पुढें कागदाच्या घड्या, पट्ट्यांची विणकाम, माती, टोंचकाम. या सर्वांमागें त्याची एक श्रद्धा होती. सृष्टींतील सर्व वस्तूंत एकच ईश्वरी सूत्र आहे. मूल तुकडे जुळवितें तेव्हां तें सूत्र त्याच्या बोटांना कळतें, शब्दांनीं सांगण्याची घाई नको. १८४४ सालीं त्यानें आयांसाठीं गाण्याखेळांचें एक पुस्तक काढलें, कारण पहिली शाळा आईची मांडी हीच होय असें त्याचें मत होतें.

इतक्या देवभोळ्या मनुष्याची संस्था १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें बंद केली, आणि कारण दिलें तें नास्तिकपणाचें! त्याच्या पुतण्याच्या समाजवादी लेखनाशीं त्याचें नांव जोडलें गेलें होतें. पुढच्याच वर्षीं फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० सालीं. परंतु सरकारच्या या अविचाराचा एक परिणाम असा झाला कीं फ्रोबेलच्या शिष्यवर्गानें हें बीज परदेशीं नेलें. अमेरिकेंत १८५६ सालीं वॉटरटाउन या गांवीं मार्गारेट शुर्झ या जर्मन बाईनें पहिला असा वर्ग चालविला, १८६० सालीं बॉस्टनमध्यें एलिझाबेथ पीबडीनें इंग्रजी भाषेंतला वर्ग काढला, आणि पंचवीस वर्षांत तेथील मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतून धर्मादाय किंडरगार्टनें दिसूं लागलीं. तीं चालविण्यांत ख्रिस्ती स्त्रिया पुढें होत्या. चर्चमध्यें दान टाकणें निराळें आणि मळक्या मुलाला हातपाय धुवून खेळावयास बसविणें निराळें. दुसऱ्या प्रकारच्या सेवेची आवड त्या पिढींतील स्त्रियांत उत्पन्न झाली होती.

अशा वेळीं, १८८६ सालीं, पंडिता रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या. निमित्त होतें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचें. तो ११ मार्च रोजीं झाला. रमाबाई राहणार होत्या थोडे दिवस, राहिल्या अडीच वर्षांहून अधिक, आणि त्या मुक्कामांत त्यांनीं किंडरगार्टन पद्धतीचा रीतसर अभ्यास केला व मराठी क्रमिक पुस्तकें तयार करण्याचें काम हातीं घेतलें. स्त्रीशिक्षिका तयार झाल्यावांचून मुलींचें शिक्षण वाढणार नाहीं, हें त्यांनीं १८८२ सालींच पुण्यांत हंटर कमिशनपुढें साक्ष देतांना सांगितलें होतें. त्या शिक्षिकांनीं काय शिकवावें आणि कोणत्या रीतीनें, याचें उत्तर त्यांना अमेरिकेंत सांपडलें.

तें त्यांना इतकें पटण्याचें कारण त्यांच्या स्वतःच्या बालपणांत पाहिलें पाहिजे. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताची पर्वा न करितां पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या आईनें पहाटे पाखरें जागीं होतांना मुलीला जवळ घेऊन श्लोक शिकविले. हजारों श्लोक त्यांना मुखोद्गत होते. म्हणजे घोकंपट्टी होती, पण ती आईच्या मांडीवर. फ्रोबेलला जें कधीं लाभलें नाहीं आणि ज्याचा त्यानें जन्मभर ध्यास घेतला तें या मुलीला लाभलें होतें. पुढें १८७४ च्या सुमारास मद्रासकडील दुष्काळांत वडील, आई आणि वडील बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतरानें गेलीं. वयाच्या सोळाव्या वर्षीं त्या स्वतः दुष्काळांतल्या पोरक्या मुलगी झाल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, ती या सर्व अनुभवानंतर.

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदासदन उघडलें. काशीबाई कानिटकर अध्यक्षस्थानीं होत्या. पुढल्या वर्षीं सदन पुण्यास आलें. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. या सदनांत बालवर्गाची पद्धत आणली गेली तिचा दुहेरी उपयोग होता. विधवा मुलीला ती एक व्यवसाय देत होती, कारण बालशिक्षिकेस मागणी होती आणि हें काम घरांतील मोठ्या माणसांसहि अप्रतिष्ठेचें वाटत नसे. परंतु दुसरा उपयोग अधिक खोल होता. बालविधवा म्हणजे काय, तर जिचें बालपण एका दिवसांत रद्द झालें ती. आठ-दहा वर्षांच्या मुलीनें मंगल प्रसंगीं पुढें यावयाचें नाहीं, चांगलें वस्त्र नेसावयाचें नाहीं, हंसावयाचें तेंहि बेतानें. अशा मुलीच्या हातीं रंगीत चेंडू देणें ही साधी गोष्ट नव्हती. तूं अजून मूल आहेस, असें तिला सांगण्याची ती रीत होती. दया, समता, देवाजवळ लहानमोठें नाहीं, हीं ख्रिस्ती उपदेशांतील वचनें पुस्तकांत पुष्कळ आहेत. येथें तीं लोंकरीच्या चेंडूंतून बोललीं.

आणि येथेंच वादहि उत्पन्न झाला. सदन धर्माच्या बाबतींत तटस्थ राहील, असें वचन दिलेलें होतें. रमाबाई स्वतःच्या खोलींत मुलीसह प्रार्थना करीत. खोलीचें दार उघडें असे, आणि कांहीं मुली तेथें येऊन बसूं लागल्या. बोलावणें नाहीं, पण मज्जावहि नाहीं, अशी रमाबाईंची भूमिका. १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर आदि सल्लागारांनीं राजीनामे दिले, आणि पालकांनीं सुमारें पंचवीस मुली काढून नेल्या. हा इतिहास सांगतांना पुष्कळ लेखक एका बाजूला खलनायक ठरवितात. तें न्याय्य नाहीं. उघड्या दाराचा युक्तिवाद मोठ्या माणसांपुरता ठीक आहे. परंतु लहान मूल अनुकरणानें शिकतें, हा तर फ्रोबेलच्या पद्धतीचाच पाया. जें मूल शिक्षिकेच्या हातांकडे पाहून कागदाची घडी घालतें, तें तिचे जोडलेले हात पाहून हात जोडणार नाहीं कशावरून? सल्लागारांच्या शंकेंत हें तथ्य होतें. उलट, ज्या समाजानें या मुलींना खेळूंहि दिलें नव्हतें, त्यानें एकाएकीं त्यांच्या आत्म्याची इतकी काळजी करावी, यांत रमाबाईंना ढोंग दिसलें असल्यास तेंहि समजण्यासारखें आहे.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या आणि एकूण सुमारें तीनशें मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुणें जिल्ह्यांत केडगांव येथें त्यांनीं जमीन घेतलेली होती; तेथें १८९८ सालीं मुक्तिसदनाच्या इमारती उभ्या राहिल्या. १९०० च्या दुष्काळानंतर गुजराथेंतून मुली आल्या आणि वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. शाळेंत किंडरगार्टनसाठीं सुमारें चारशें मुलांची सोय होती. शिक्षिकांचा वर्ग होता. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल शिकवीत. केडगांव उघडपणें ख्रिस्ती होतें. १८९३ सारखा वाद तेथें झाला नाहीं. पण त्याचें एक कारण असें कीं या मुलींच्या बाबतींत तक्रार करण्यास आईबाप उरलेच नव्हते. जी संस्था पोरक्या मुलाची एकुलती आई होते, तिच्या हातीं फार मोठी सत्ता येते. खेळ हें तेथें मुलाचें स्वातंत्र्य आहे, कीं धर्माच्या दारापर्यंत नेणारी वाट आहे, हें शिक्षिकेच्या विवेकावरच अवलंबून राहतें. केडगांवांत दोन्ही गोष्टी एकत्र होत्या, आणि त्या वेगळ्या काढण्याची रमाबाईंना गरज वाटली नाहीं. त्यांच्या मतें मुलाला अन्न देणें, खेळ देणें आणि ख्रिस्ताची ओळख करून देणें हें एकच काम होतें.

केडगांव आणि वऱ्हाड यांचा धागा येथें जुळतो. अलायन्स मिशनच्या जेनी फुलर या बाई १८७७ सालीं वऱ्हाडांत आल्या. त्यांनीं हिंदी स्त्रियांच्या दुःस्थितीवर लिहिलेलें इंग्रजी पुस्तक १९०० सालीं प्रसिद्ध झालें आणि त्याला प्रस्तावना रमाबाईंची आहे. त्याच वर्षीं फुलरबाई वारल्या. एलिचपूरकडे काम केलेले आल्बर्ट नॉर्टन केडगांवापासून जवळच दौंड येथें मुलग्यांचें अनाथालय चालवूं लागले. खामगांवचें काम याच मंडळींच्या वर्तुळांतलें. १८७० सालीं लॉर्ड मेयोच्या हस्तें ज्या गांवीं कापसाचा बाजार आणि आगगाडीचा फांटा उघडला, त्या गांवांत तीस वर्षांनीं कापसाबरोबर पोरकीं मुलेंहि जमा झालीं.

परंतु खेळाच्या बाबतींत वऱ्हाडचें मूल रिकाम्या हातांनीं आलेलें नव्हतें. विदर्भांत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा असतो. मुलें चाकांचे लांकडी बैल सजवून ओढतात, बापानें आदल्या दिवशीं जें केलें तेंच करतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विनाच्या पौर्णिमेपर्यंत मुली भुलाबाई मांडून गाणीं म्हणतात, आणि शेवटीं झांकलेला खाऊ ओळखण्याचा खेळ होतो. चिंचोके, सागरगोटे, मातीचीं चूल-बोळकीं आहेत. अंगणांतील ठिपक्यांची रांगोळी पाहिली असती तर फ्रोबेलनें तिला आपल्या देणग्यांत सन्मानानें जागा दिली असती. परदेशांतून पेट्यांत बंद होऊन आलेल्या गुळगुळीत लांकडी घनांपेक्षां हीं साधनें कमी प्रतीचीं नव्हतीं. मिशनच्या शिक्षणाचा एक खरा उणेपणा येथें दाखवितां येतो. भुलाबाई म्हणजे पार्वती. तिचीं गाणीं ख्रिस्ती शाळेच्या वर्गांत येणें कठीण, आणि विलायती चालीवर बसविलेलीं गाणीं मुलाच्या जिभेवर कितपत रुळणार? रे. नारायण वामन टिळक यांनीं मराठी ओवी-अभंगांच्या वळणावर भजनें रचलीं तेव्हां प्रौढांच्या उपासनेंतील ही अडचण पुष्कळ दूर झाली. खेळाच्या वर्गाला असा कवि फार उशिरां मिळाला. तरीहि प्रयत्न थांबले नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचें 'बालबोधमेवा' हें सचित्र मासिक १८७३ पासून मुलांच्या हातीं जात होतें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं सोलापुरांत मेरी हार्डिंग या बाईनें किंडरगार्टन चालवून मराठी शिक्षिका तयार केल्या.

रमाबाई १९२२ च्या एप्रिलांत वारल्या. त्यांची कन्या मनोरमा आदल्याच वर्षीं गेली होती. पुढलें पाऊल निराळ्या घरांतून पडलें. ताराबाई मोडक या प्रार्थनासमाजी वातावरणांत वाढलेल्या. लग्नानंतर कांहीं वर्षें त्यांचें वास्तव्य वऱ्हाडांत, अमरावतीस झालें. १९२३ सालीं त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. तेथें फ्रोबेलपेक्षां माँटेसरीचा प्रभाव अधिक होता. माँटेसरीबाई स्वतः कॅथलिक, पण त्यांची पद्धत ताराबाईंनीं आणि गिजुभाईंनीं घेतली ती धर्मापासून सुटी करून. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९३६ सालीं दादरला शिशुविहार निघालें. शहरांतील ही पद्धत महाग पडते, तिचीं साधनें खेड्याला परवडत नाहींत, हें ताराबाईंनीं ओळखलें आणि १९४५ सालीं ठाणें जिल्ह्यांत बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी. शिंपले, बिया, खडे, पानें, बांबू हीं तेथील देणग्या झालीं. मुलें शाळेंत येत नाहींत तर शाळाच त्यांच्या अंगणांत नेऊं, असा विचार करून त्यांनीं अंगणवाडी चालविली. कोंकणांत वाडी म्हणजे बाग. फ्रोबेलनें १८४० सालीं योजिलेलें नांव शंभर वर्षांनीं मराठी मातींत असें उगवलें.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं भारत सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हां तिच्या केंद्रांना हेंच नांव मिळालें. बुलढाणा जिल्ह्यांत मलकापूर-नांदुऱ्यापासून सिंदखेडराजा-लोणारपर्यंत गांवोगांवीं आज अंगणवाड्या आहेत. तेथें सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार मिळतो. आणि तीन वर्षांवरील मुलें जेवणापूर्वीं त्याच अंगणांत फेर धरून गातात, मणी ओंवतात, ठोकळे रचतात.